लिनलिथगोत राहायला आलात? आधी विहीर बघा

स्कॉटलंडमधल्या या गावात नवीन मंडळींचा पहिला प्रश्न कढीपत्त्याचा असतो. त्यासाठी एडिनबर्ग गाठायचं, ट्रेनने वीसेक मिनिटं. ग्लासगोलाही थेट गाडी आहे, त्यामुळे नवरा-बायकोची ऑफिसं दोन शहरांत असली तर हे गाव फार सोयीचं. घरभाडं मात्र चांगलंच झोंबतं.

तर आधी हाय स्ट्रीटवर सेंट मायकलची विहीर शोधा. विहीर म्हणजे आपल्याकडची नव्हे, दगडी खांबासारखी पाणपोई. वर संताचा पुतळा, 1720 साल आणि जुन्या वळणाच्या स्पेलिंगमध्ये कोरलेलं वाक्य: संत मायकल परक्यांशी मायेने वागतो. मी ते वाचलं तेव्हा तिसऱ्या घरमालकाने नकार दिला होता, छत्री उलटी झाली होती आणि बाबागाडीत लेक किंचाळत होती. चिडून हसले. पुढच्या आठवड्यात घर मिळालं, आता श्रेय कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा.

क्रॉसच्या चौकातून चढ चढलात की राजवाडा. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा जन्म इथला, 8 डिसेंबर 1542. सहा दिवसांनी वडील, पाचवा जेम्स, वारले आणि तान्ही पोर राणी झाली. अंगणातलं 1538चं कारंजं त्याच जेम्सचं. छप्पर 1746च्या आगीत गेलं. ड्यूक ऑफ कंबरलंडच्या सरकारी सैन्याचा तेव्हा इथे मुक्काम होता. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या हिस्टॉरिक स्कॉटलंडचं वर्षाचं सदस्यत्व घ्या, एडिनबर्गचा किल्लाही त्यातच येतो. भोवतालचं पील मैदान फुकट. तळ्याला एक फेरी म्हणजे पावणेचार किलोमीटर. पावसाळी बूट घाला आणि हंसांच्या पिल्लांजवळ जाऊ नका.

शेजारच्या चर्चवरचा धातूचा काटेरी मुकुट 1964चा. काहींना तो आजही खुपतो, मला आवडतो.

इथे जन्मलेले लोक स्वतःला ‘काळी कुत्री’ म्हणवतात, अभिमानाने! तळ्यातल्या बेटावर जखडलेल्या धन्याला पोहत जाऊन अन्न पोचवणारी दंतकथेतली कुत्री गावाच्या चिन्हावरही आहे. दचकू नका. आपण बाहेरून आलेल्यांनी मात्र तो शब्द कोणाला लावू नये.

आणि जूनमधला मार्चेसचा मंगळवार कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा. गावाची शीव तपासायची जुनी रीत. पहाटे पाचला ढोल-बासऱ्या सुरू होतात. त्या दिवशी डॉक्टरची वेळ घेऊ नका, गाडी हाय स्ट्रीटवर लावू नका.