जेटची कड शोधताना: एंट्रेनमेंटवर नव्याने पीएचडी करणाऱ्यांसाठी

गाईडने 'एंट्रेनमेंट बघ' (म्हणजे जेट, तोंडातून जोरात सुटलेली धार, भोवतालचं पाणी आत कशी ओढते ते बघ) म्हणून सोडून दिलं असेल, तर पहिलं वर्ष डोकं फिरणार हे धरूनच चाला. माझंही फिरलं होतं.

सरासरी प्रोफाइल (जेटच्या आडव्या छेदातला सरासरी वेग) आणि सेल्फ-सिमिलॅरिटी (पुढे गेलं तरी त्या प्रोफाइलचा आकार तोच राहणं) तुम्हाला येतेच. मॉर्टन, टेलर, टर्नर यांचं १९५६ चं गृहीतकही (पाणी आत येण्याचा वेग त्या ठिकाणच्या जेटच्या सरासरी वेगाच्या प्रमाणात असतो) ठाऊक असेल. रिकू आणि स्पाल्डिंग (१९६१) यांच्या सूत्रानुसार, तोंडाच्या व्यासाच्या ३० पट अंतरावर जेटमधला वस्तुमान-प्रवाह सुरुवातीच्या सुमारे साडेनऊ पट होतो. ही वाढ सगळी बाहेरच्याच पाण्याची. पण ते आत शिरतं कुठून? सरासरी प्रोफाइलला कडच नसते, ती हळूहळू शून्याकडे जाते. एका क्षणाचं चित्र काढलं तर कड धारदार आणि वेडीवाकडी दिसते.

आता खरा खड्डा. वेगात चढउतार दिसले की टर्ब्युलन्स, असं अजिबात धरू नका. आतल्या भोवऱ्यांच्या दाबामुळे बाहेरचं पाणीही हलतं, पण त्याला व्हॉर्टिसिटी (कणाचं स्वतःभोवती फिरणं) नसते. एकसारख्या घनतेच्या पाण्यात दाब त्याला ढकलू शकतो, स्वतःभोवती फिरवू शकत नाही. ते काम श्यानतेचं, आणि तेही कडेच्या अतिशय पातळ थरात. कॉर्सिन आणि किस्लर यांनी १९५५ मध्येच हे मांडलं. म्हणजे प्रोबला हालचाल दिसली तरी ते पाणी अजून बाहेरचंच असू शकतं. पुन्हा सांगतो: हलणं वेगळं, फिरणं वेगळं. कड व्हॉर्टिसिटीवरून ठरवा.

त्यातही थ्रेशोल्ड (व्हॉर्टिसिटी किती असली की टर्ब्युलंट म्हणायचं ती मर्यादा) सिनियरच्या कोडमधून उचलू नका. त्याचा पीआयव्हीचा (लेसरच्या उजेडात कणांचे फोटो काढून वेग मोजण्याच्या पद्धतीचा) नॉइज वेगळा, तुमचा वेगळा. थ्रेशोल्ड बदलत जा, टर्ब्युलंट भागाचं क्षेत्रफळ मोजा आणि आलेखात ते जवळपास स्थिर राहतं तो पट्टा घ्या. असा पट्टाच नसेल तर दोष बहुधा मापनात आहे. लेसर शीटकडे परत जा. कंटाळवाणं आहे, पण शॉर्टकट शिकवणारे गाईड व्हायव्हाला तुमच्या बाजूने बोलत नाहीत.

घाबरू नका, इथे जाणकारांचीही मतं बदलली आहेत. मोठे भोवरे पाणी गिळतात, हे चित्र ब्राउन आणि रोश्को यांच्या १९७४ च्या फोटोंनी आणखी ठसवलं. पुढे मॅथ्यू आणि बासू (२००२), मग वेस्टरवील आणि सहकारी (२००५) यांनी दाखवलं की जेटमध्ये बहुतेक पाणी कडेला कुरतडत कुरतडतच आत घेतलं जातं. तरी पाणी आत घेण्याचा एकूण वेग मोठे भोवरेच ठरवतात, कारण कडेचा पृष्ठभाग तेच ताणतात आणि दुमडतात. समितीचा पहिला प्रश्न बहुधा इथलाच असेल.