काळ्या रानातली सोसायटीची बाग: निचरा आधी, झाडं मागून

सांगलीत नव्या सोसायटीची मोकळी जागा ताब्यात आली की पहिली चर्चा लॉन कुठलं आणि कारंजं कुठे यावर रंगते. पाणी बाहेर कुठून जाणार, हे कुणी विचारत नाही. 4,000 चौ. मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटला 10 टक्के खुली जागा सोडावीच लागते, आणि त्यासाठी बहुधा सगळ्यात सखल कोपराच वाट्याला येतो. त्यात खाली भारी काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि एकदा भरली की पाणी सोडत नाही. झाड वाळलं की पाणी कमी पडलं असं वाटतं. उपटून पाहिलं तर बऱ्याचदा मुळं काळी पडून कुजलेली निघतात.

खालची मापं 5 गुंठ्यांची, म्हणजे 5,445 चौ. फुटांची जागा धरून दिली आहेत.

आधी खड्डा, मग नकाशा

जागेत तीन-चार ठिकाणी एक फूट लांब, रुंद, खोल खड्डे घ्या. पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी तासाला पातळी किती उतरते ते पट्टीनं मोजा. तासाला 1 सेंमीपेक्षा कमी उतरली तर निचऱ्याची चर काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. खणतानाच वाळू-सिमेंटचा राडारोडा किती खोल पुरलाय तेही कळतं. तो काढायलाच हवा, कारण सिमेंटनं आधीच चुनखडीच्या असलेल्या मातीचा सामू (pH) आणखी चढतो.

त्याच वेळी मातीचा नमुना परीक्षणाला द्या. सामू 8.5 च्या वर गेला तर जमीन चोपण (सोडियम साचून घट्ट झालेली) होत चालली आहे असं समजा. त्यावर उपाय म्हणून जिप्सम किती टाकायचं ते अहवालावरूनच ठरवा, अंदाजानं नको. नुसते क्षार वाढले असतील, उन्हाळ्यात पांढरी पापडी येत असेल, तर जिप्समचा उपयोग नाही. तिथे निचरा आणि गोड्या पाण्यानं क्षार धुऊन काढणं हाच उपाय.

चर

एक फूट रुंद, दोन फूट खोल चर खणा. उतार शंभराला एक, म्हणजे दर 10 फुटांना सव्वा इंच. आत जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड अंथरा, 3 इंच 20 मिमी खडी, त्यावर 110 मिमीचा भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या अंगाला. मग जमिनीखाली 6 इंच राहीपर्यंत खडी भरून कापड वरून दुमडा, त्यावर जाड वाळू आणि माती. 50 फूट चरीला साधारण पाऊण ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट) खडी लागते.

कापडाचे पैसे वाचवायचा मोह इथेच होतो. कापड नसेल तर बारीक चिकण खडीत उतरते आणि काही पावसाळ्यांत चर बंद पडते. दुसरी चूक चरीच्या तोंडाशी होते. बाहेरचं गटार तुंबलं की पाणी उलटं बागेत शिरतं. पाइपाचं तोंड गटाराच्या नेहमीच्या पातळीपेक्षा वर ठेवा आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. शोषखड्डा सुचवणारे भेटतील. खाली मुरूम लागेपर्यंत खोल गेल्याशिवाय काळ्या मातीत शोषखड्डा म्हणजे नुसता हौद.

वाफे आणि वाटा

वाफे 9 इंच उचलून घ्या. 1,500 चौ. फुटांच्या वाफ्यांना 1,125 घनफूट, म्हणजे सव्वाअकरा ब्रास भर लागते; पण माती दबते, म्हणून 13 ते 14 ब्रास मागवा. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग बारीक मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) स्वस्तात मिळते, पण ताजी मळी तापते आणि मुळं भाजते. पूर्ण कुजलेलीच वापरा. चिकण मातीत थोडीशी वाळू मिसळून ती भुसभुशीत होत नाही, विटेसारखी घट्ट होते. आणि वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल आटल्याशिवाय, जेसीबी आत घालायचा नाही. ओल्या काळ्या मातीवर एकदा चाकं फिरली की तो पट्टा पुढे बराच काळ दगड होऊन बसतो.

वाटेसाठी दीड फूट काळी माती काढून टाका. एक फूट मुरूम दोन थरांत, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर. वर 4 इंच खडी, दीड इंच वाळू, मग 60 मिमी पेव्हर. गाड्या जाणार असतील तर 80 मिमी. वाट आजूबाजूच्या मातीपेक्षा दोन इंच वर येईल, तशीच ठेवा. दोन्ही कडांना काँक्रीटचे कर्ब हवेतच, नाहीतर माती फुगली-आकसली की ब्लॉक बाजूला सरकतात.

झाडं

भारी मातीत 3 फूट खोल गुळगुळीत खड्डा घेतला की त्याचं पिंप होतं. पाणी आत साचतं आणि मुळं गोल फिरत राहतात. त्यापेक्षा 4 फूट रुंद, 2 फूट खोल खड्डा घ्या, बाजू कुदळीनं खरवडा आणि रोप 9 इंच उंच मातीच्या उंचवट्यावर लावा. पिशवीत गोल वळलेली मुळं कापून टाका. दोन बाजूंना काठ्या, बांधायला सुतळी, तार नको.

पाणी साचणाऱ्या बाजूला अर्जुन, करंज, जांभूळ, ताम्हण. उंच बाजूला कडुनिंब, बहावा, कांचन. शेवगा आणि पपई सखल भागात लावूच नका, दोन्हींना पाणी तुंबलेलं सोसत नाही. मोठं झाड इमारतीपासून किमान 20 फूट आणि कंपाउंडपासून 10 फूट. मुळांनी पाणी ओढलं की काळी माती आकसते आणि उथळ पायाची भिंत तडकते. एक्झोरा इथे हमखास पिवळा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती चुनखडीमुळे झालेली लोहाची कमतरता. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडं सायट्रिक ॲसिड फवारून तात्पुरतं भागतं. मुळात त्याच्याऐवजी तगर लावलेली बरी.

लॉनला उन्हाळ्यात चौ. मीटरमागे दिवसाला साधारण 5 लिटर पाणी लागतं. 3,000 चौ. फूट लॉन केलं तर रोज 1,400 लिटर. मार्च ते मे मिळून सव्वा लाख, म्हणजे 10,000 लिटरचे बारा-तेरा टँकर. मुलं खेळतात तेवढं 500-600 चौ. फूट पुरे. बाकी झाडांखाली उसाचं पाचट 3-4 इंच पसरा, बुंध्यापासून चार बोटं लांब. उन्हाळ्यात त्यावर जळती काडी पडणार नाही एवढं वॉचमनला सांगून ठेवा. ठिबकमध्ये बोअरचं जड पाणी असेल तर ड्रिपर चुन्यानं बुजतात. झाडांना बबलर (मोठ्या भोकाची, जास्त पाणी सोडणारी तोंडं) बसवले की कटकट कमी होते.

पुराच्या पट्ट्यात असाल तर 2005, 2019 आणि 2021 मध्ये पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारून भिंतीवर खूण करा. दिव्यांचं पॅनल आणि पंपाचा स्टार्टर त्या खुणेच्या वर. पूर ओसरल्यावर पानांवरचा गाळ ओला असतानाच पाण्यानं धुवा. लॉनवरचा जाड थर मात्र वाफसा येताच फावड्यानं काढा. तो वाळून कडक झाला की खालचं गवत गुदमरतं. झाडांना त्या महिन्यात खत घालू नका, मुळं अजून घ्यायच्या स्थितीत नसतात.