टोल्युइन पंप खोलण्याआधी

टँक फार्ममधल्या टोल्युइन (पटकन पेटणारा द्रावक) पंपाचं मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्यापाशी माल गळू न देणारं) बदलायला दोन तास लागतात. त्याआधी पंप सगळीकडून बंद करून रिकामा करायच्या तयारीला मात्र अर्धी शिफ्ट धरा. प्रॉडक्शनवाल्यांना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे डोक्यावर उभं राहून कुणी ‘झालं का, झालं का’ करणार नाही.

ड्रॉइंग हातात घ्या आणि लाइन पायी फिरून बघा. ऑफिसात बसून परमिटवर (कामाच्या परवानगीच्या कागदावर) वाल्व नंबर लिहिणारे मी खूप पाहिलेत. सक्शन-डिस्चार्ज सगळ्यांनाच दिसतात, विसरतात त्या बारीक लाइनी: टँककडे परत जाणारी रिसायकल, सीलची फ्लशिंग, नायट्रोजनची अर्ध्या इंची ट्यूब, मागच्या शटडाउनला कुणीतरी ‘तात्पुरती’ जोडून ठेवलेली होज. पंपाला मिळणारी प्रत्येक लाइन यादीत आली पाहिजे. नॉन-रिटर्न वाल्व (माल एकाच दिशेने जाऊ देणारा) आहे म्हणून त्या बाजूने निर्धास्त राहू नका. कंट्रोल वाल्ववरही विसंबू नका. त्याला चालवणारी हवा गेली की तो स्प्रिंगच्या मर्जीने उघडतो किंवा मिटतो.

इलेक्ट्रिशियनकडून एमसीसीतला (मोटारींच्या स्विचांचं पॅनेल) पंपाचा फीडर बाहेर काढून घ्या, कुलूप लावा, टॅग अडकवा आणि पंपाजवळ येऊन स्टार्टचं बटण दाबून बघा. कामावरच्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, हेल्परचंसुद्धा.

आता वाल्व. गेट वाल्वचं चाक फिरेनासं झालं म्हणजे गेट बसलंच असं नाही. खाली गाळ किंवा गंजाचा कपटा अडकला तरी चाक घट्टच लागतं, आणि माल पास होत राहतो. चाकात पाइप घालून ताकद लावू नका. एकदोन आटे उघडून पुन्हा बसवा. बॉल वाल्वचं हँडल लाइनला आडवं दिसलं तरी ते कुणी काढून उलटं बसवलेलं असू शकतं, म्हणून स्पिंडलच्या टोकावरची खाच बघा. टोल्युइनला एका वाल्वचा भरवसा पुरत नाही. दोन बंद आणि मधला ब्लीड (निचऱ्याचा छोटा वाल्व) उघडा ठेवा. ब्लीडमधून धार चालूच राहिली तर पहिला पास होतोय. एवढी सोय नसेल तर फ्लँजमध्ये (पाइपांच्या बोल्टच्या जोडात) स्पेड (लाइन अडवणारी पोलादी चकती) घाला, लाइनच्या रेटिंगचीच. चौरस सेंटीमीटरला दहा किलो दाबाला चार इंची स्पेडवर जवळजवळ आठशे किलोचा जोर येतो, तिथे डब्याचा पत्रा कापून चालत नाही.

ड्रेन करताना ड्रम धातूचा, अर्थिंग केलेला हवा. प्लॅस्टिकची बादली आणू नका, स्थिर विजेची ठिणगी पडते. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट चार अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेही वाफ पेटू शकते.

ड्रेनची धार थांबली की लगेच ‘रिकामा झाला’ म्हणू नका. नोकरीच्या सुरुवातीला एका कारखान्यात मी तेच केलं. गेज शून्यावर, ड्रेन कोरडा. दुसरा बोल्ट ढिला केला आणि कोपरापर्यंत बाही भिजली. ड्रेनचं तोंड गाळाने चोंदलेलं, आणि गेजखालचा छोटा वाल्व कुणीतरी बंद करून ठेवलेला! तेव्हापासून ड्रेनमध्ये पितळी तार घालून बघतो, गॉगल लावून, तोंड बाजूला ठेवून. व्हेंटही उघडतो; वरून हवा आत गेली नाही तर माल खाली उतरत नाही. हे सगळं झाल्यावरही फ्लँजचा आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी ढिला करायचा, म्हणजे उरलंसुरलं पलीकडे उडेल.

काम शिफ्टमध्ये संपणार नसेल तर निरोप वहीत लिहून निघून जाऊ नका. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा रिलीफ वाल्व दुरुस्तीसाठी काढला होता, मोकळ्या तोंडाला नुसता ब्लाइंड फ्लँज (झाकणासारखी चकती) लावलेला. रात्रपाळीपर्यंत ही गोष्ट पोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच चालू केला, त्या फ्लँजमधून गळती होऊन स्फोट झाला. ६ जुलै १९८८ची ती रात्र. १६७ माणसं गेली. पुढच्या इनचार्जला पंपापाशी न्या, एकेक टॅग दाखवा, त्याचं कुलूप लागल्याशिवाय आपलं काढू नका. स्पेडांना नंबर टाका. पाच घातल्या असतील तर पंप चालू करण्याआधी पाच टेबलावर मोजून घ्या.