वळवाच्या दिवसांतला सह्याद्री: या चुका टाळा

फाल्गुन सरत आला की सह्याद्रीत एकाच दिवसात तीन ऋतू भेटतात. पहाटे अंगावर चादर हवीशी वाटते, अकराला कातळ भाजायला लागतो आणि चारच्या सुमाराला गारा पडू शकतात. मार्च ते मे या काळात डोंगरात जाणारी बरीचशी माणसं उन्हाची तयारी करतात, पावसाची करत नाहीत. खरा धोका तिथेच आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सकाळचं निळं आकाश बघून दिवसभराचा बेत ठरवणं. वळवाचा पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतरच येतो. सकाळभर जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, समुद्रावरून आलेलं बाष्प तिच्याबरोबर वर जातं आणि दोन-तीन तासांत ढगांचे मनोरे उभे राहतात. म्हणून निरभ्र पण जीव नकोसा करणाऱ्या उकाड्याची सकाळ असेल, तर जास्तच सावध राहायचं. पहाटे निघा आणि बाराच्या आत माथा सोडा.

एका एप्रिलमध्ये आम्ही हे पाळलं नाही. 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईच्या शेवटच्या शिडीखाली दीड वाजला होता. वारा एकदम पडला. गवताचं पातं हलेना. मग पूर्वेकडून गार झोत आला, ओल्या मातीचा वास घेऊन. ताक विकणाऱ्या मावशी तांब्या-पेले आवरून पोत्यात भरत होत्या. म्हणाल्या, "वारं फिरलंय पोरांनो, आता वर जाऊ नका." आम्ही उलटे फिरलो. अर्ध्या तासात शिखर दिसेनासं झालं. तो गार झोत म्हणजे जवळच कोसळणाऱ्या ढगातून खाली सुटलेली हवा असते. ती अंगाला लागली की फोटो, डबा, सगळं सोडून उतरायला लागायचं.

अंदाज वाचतानाही गफलत होते. हवामान विभागाच्या अंदाजातलं "तुरळक ठिकाणी" हे पावसाच्या जोराबद्दल नसतं, जिल्ह्यातल्या किती भागात पाऊस होईल त्याबद्दल असतं. त्या तुरळक ठिकाणांत तुमचा गड असला तर तुमच्यावर पूर्ण पाऊस. आदल्या रात्रीच्या अंदाजावर थांबू नका, पुढच्या तीन तासांचे इशारेही बघा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं. रेंज असेपर्यंतच त्याचा उपयोग, म्हणून चढाई सुरू करण्याआधी उघडा.

विजा सुरू झाल्यावर माणसं नेमकी चुकीच्या जागी धावतात: एकटं झाड, माथ्यावरचं छोटं देऊळ, कपारीचं तोंड. लोखंडी शिडी आणि रेलिंगला तर हातही नको. चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. धार आणि माथा सोडून खाली या. उतरणं शक्यच नसेल तर एकमेकांपासून लांब, पाय जुळवून, सॅकवर उकिडवे बसा. आडवं पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. लोक इथेच घाई करतात.

पाऊस उघडला तरी वाट सकाळची राहत नाही. महिनोन्‌महिने साचलेली धूळ कातळावर ओली होते आणि साबणासारखी निसटते. सकाळी कोरडा ओलांडलेला ओढा लाल पाण्याने वाहत असेल, तर तो उतरेपर्यंत अलीकडेच बसा. घामाने भिजलेल्या अंगावर गार पाऊस पडला की एप्रिलमध्येही हुडहुडी भरते, म्हणून कोरडा टी-शर्ट आणि रेनकोट सॅकच्या तळाशी हवाच.

कोकणातून घाटवाटा चढणाऱ्यांची चूक वेगळी. ते आकडा बघतात, दमटपणा बघत नाहीत. घाम सुकत नसेल तर 35 अंशही माणसाला आडवं करतात. सोबत्याचं बोलणं असंबद्ध झालं, झोक जायला लागला, तर तो "दमलाय" म्हणून चालवत नेऊ नका. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. डिसेंबरात भरलेलं टाकं एप्रिलमध्ये शेवाळलेलं किंवा कोरडं असू शकतं, तेव्हा पाणी खालूनच न्या, माणशी चार लिटर तरी. आग्या मोहोळाच्या कड्याखाली धूर आणि आरडाओरडा नको. वाळलेल्या गवतात चूल तर मुळीच नको, वणवा वाऱ्याबरोबर चढाने पळतो.

आणि एक गैरसमज. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसतो, असं अजून पुष्कळजण मानतात. तसं होत नाही, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा, दुसऱ्याला 108 लावायला सांगा. फोनला रेंज कुठल्या वळणावर मिळते, ते पायथ्याच्या गावात निघतानाच विचारून ठेवा.