ओपन सोर्स लायब्ररीचा ईसीसीएन: फॉर्म वारंवार परत येत होता, तो असा सुटला

अमेरिकेतल्या एका ग्राहकाने आमच्या लायब्ररीचा ईसीसीएन, म्हणजे अमेरिकी निर्यात नियमांतला वर्गीकरण क्रमांक, फॉर्मवर मागितला. ‘लागू नाही’ लिहिलं, फॉर्म परत. ‘ईएआर९९’ (नियंत्रण यादीत नसलेल्या वस्तूंचा गट) लिहिलं, पुन्हा परत. आत एईएस-२५६ ही एन्क्रिप्शन पद्धत असल्याने ते उत्तर चुकीचंच होतं. तीन आठवडे नुसता मनस्ताप झाला.

चाललं ते असं. आधी कोडमधली प्रत्येक एन्क्रिप्शन पद्धत शोधली: एईएस, आरएसए, टीएलएस. सगळ्या प्रमाणित (जाहीर मानकांतल्या), स्वतः रचलेली एकही नाही. हे नीट तपासाच, पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. मग रिपॉझिटरी लॉगिनशिवाय उघडते ना, ते पाहिलं. त्यानंतर ईएआरचं (अमेरिकी निर्यात नियमावलीचं) कलम ७४२.१५ वाचलं: असा सोर्स कोड ५डी००२ या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरच्या गटात येतो, पण सर्वांसाठी प्रकाशित असेल तर ईएआरच्या कक्षेबाहेर जातो. पूर्वी त्यासाठी बीआयएस (अमेरिकेचं निर्यात नियंत्रण खातं) आणि एनएसए (अमेरिकी गुप्तचर संस्था) यांना ईमेल करावा लागे. २९ मार्च २०२१ पासून तो फक्त अप्रमाणित क्रिप्टोग्राफीसाठी लागतो.

फॉर्ममध्ये लिहिलं: ‘५डी००२ प्रकारचा प्रकाशित सोर्स कोड, प्रमाणित क्रिप्टोग्राफी, कलम ७४२.१५(बी) नुसार ईएआरच्या कक्षेबाहेर’, सोबत रिपॉझिटरीची लिंक. त्याच दिवशी मंजूर. तीच ओळ आता रीडमीत टाकली आहे. मात्र ग्राहकाने ही लायब्ररी स्वतःच्या बंद उत्पादनात घातली, तर त्या उत्पादनाचं वर्गीकरण त्याचं त्यालाच करावं लागतं.