हेडफोनचा डॅक-अ‍ॅम्प: आधी गणित, मग खरेदी

डॅक फोन-पीसीतल्या डिजिटल आकड्यांचा विद्युत सिग्नल करतो, अ‍ॅम्प तो हेडफोन चालवण्याइतका जोरदार करतो. सातारा-सांगलीकडे बसून भारी हेडफोनसाठी डॅक-अ‍ॅम्प घ्यायचा म्हणजे बहुतेकदा ऑनलाइन मागवणं आलं. लावून, ऐकून मग घेण्याची सोय नाही. म्हणून आधी वही-पेन घ्या. अ‍ॅम्प पुरेल की नाही हे हिशोब करून कळतं आणि त्यासाठी हेडफोनच्या माहितीपत्रकातले दोनच आकडे लागतात: इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) किती ओहम आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेला किती मोठा आवाज) किती डेसिबल.

सेन्सिटिव्हिटीत एक मेख आहे. कंपनीने तो आकडा एका मिलिवॅटला दिलाय की एका व्होल्टला, ते नीट वाचा. सेनहायझर एचडी ६५० घ्या: ३०० ओहम, १ व्होल्टला १०३ डेसिबल. ३०० ओहमला १ व्होल्ट म्हणजे ३.३ मिलिवॅट, म्हणून मिलिवॅटच्या मापात हाच आकडा साधारण ९८ होतो. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये या दोन मापांतला फरक थेट १५ डेसिबलचा असतो. माप एक न करता दोन हेडफोन शेजारी ठेवले तर पुढचा सगळा हिशोब फसतो.

आता गरज काढू. तबल्याची जोरकस थाप किंवा ढोल-ताशाचा तडाखा न फाटता यायला क्षणभरासाठी ११० डेसिबलची तयारी धरा. सतत एवढ्या आवाजात ऐकायचं नाही, ही जागा फक्त त्या क्षणांपुरती. (जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते, ती मनापासून पाळा. गेलेले कान परत येत नाहीत.) दर १० डेसिबलला पॉवर दहापट लागते, दर ३ डेसिबलला दुप्पट. एचडी ६५० ला ९८ वरून ११० वर न्यायचं म्हणजे १२ डेसिबल, म्हणजे १६ मिलिवॅट. वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढलं की व्होल्टेज येतं: सुमारे २.२ व्होल्ट. करंट जेमतेम ७ मिलिअ‍ॅम्पिअर.

दुसऱ्या टोकाला हायफायमॅन एचई६ हा प्लॅनर (पातळ, सपाट पडद्याचा) हेडफोन पाहा: ५० ओहम, १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. ११० गाठायला याला साधारण ४५० मिलिवॅट, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअ‍ॅम्पिअर लागतात. ओहम कमी, तरी भूक कितीतरी जास्त. "ओहम कमी म्हणजे चालवायला सोपा" हा समज इथे साफ उलटा पडतो. १ व्होल्ट देणारा फोनला लावायचा छोटा डोंगल (खिशातला डॅक-अ‍ॅम्प) एचडी ६५० बेताच्या आवाजात चालवेल, या प्लॅनरला मात्र तो पुरणार नाही.

अ‍ॅम्पच्या जाहिरातीत पॉवर बहुधा ३२ ओहमला दिलेली असते. "१ वॅट" वाचून हुरळून जाऊ नका. ३२ ओहमला १ वॅट म्हणजे ५.७ व्होल्ट, तेवढ्याच व्होल्टला ३०० ओहममध्ये फक्त १०७ मिलिवॅट जातात. एचडी ६५० ला ते भरपूर झाले, पण आपल्या हेडफोनच्या ओहमला किती मिळतं हेच विचारायचं.

अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा आतला अडथळा) हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी हवा. ३२ ओहमला ४ ओहमच्या आत, नाजूक इन-इअरना १ ओहमच्या आत. तो जास्त असला की काही हेडफोनचा बास फुगतो आणि इन-इअरचा तर पोतच बदलतो. ट्रान्सफॉर्मर नसलेले ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हचे) अ‍ॅम्प हा आकडा मोठा असल्यामुळे ३०० ओहमवाल्यांना शोभतात, प्लॅनरला नाही.

बॅलन्स्ड (दोन्ही कानांच्या तारा वेगळ्या ठेवणाऱ्या) ४.४ मिलिमीटरच्या सॉकेटमधून साधारण दुप्पट व्होल्टेज मिळतं. गरज असेल तरच त्यामागे जा. एक चूक मात्र कधीही करू नका: बॅलन्स्ड आउटपुटला अडॅप्टर लावून साधा ३.५ किंवा ६.३५ मिलिमीटरचा हेडफोन जोडणं. साध्या पिनमध्ये दोन्ही बाजूंच्या उणे तारा एकत्र येतात आणि अ‍ॅम्पचे दोन आउटपुट एकमेकांना शॉर्ट होतात. अ‍ॅम्प जळू शकतो.

डॅकवर सगळ्यात कमी खर्च करा. २ व्होल्ट लाइन आउटपुट (अ‍ॅम्पला जोडायचा), पीसी-फोनला यूएसबी, आणि जमल्यास ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारा) इनपुट, एवढं पुरे. सीडीच्या १६ बिटची झेप, म्हणजे सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, ९६ डेसिबल आहे. आजचे बेताच्या किमतीचे चांगले डॅकही ती सहज ओलांडतात. चिपच्या नावावर भांडत बसण्यापेक्षा ते पैसे हेडफोनला घाला.

जोडल्यावर सोर्सचा (फोन-पीसीचा) आवाज पूर्ण, अ‍ॅम्पचा नॉब शून्यावर, गेन (आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारं बटण) लो. नॉब जरा हलवताच आवाज मोठा होत असेल, किंवा एका कानात जास्त येत असेल, तर गेन जास्त आहे. नॉबची सुरुवातीची पट्टी बहुतेक अ‍ॅम्पमध्ये दोन्ही बाजूंना सारखी नसते. रोजच्या आवाजाला नॉबची खूण घड्याळाच्या काट्यासारखी दहा ते दोनच्या मध्ये बसली की गेन बरोबर.

गुणगुण येतेय? आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबली तर ग्राउंड लूप (अर्थच्या दोन वाटांतून फिरणारी वीज) तिथला. मग डॅकला ऑप्टिकलने जोडा, कारण काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तारेतून वीज जातच नाही. नाहीतर यूएसबी आयसोलेटर (विजेची थेट जोडणी तोडणारा जोड) लावा. तरीही राहिली तर अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत थ्री-पिन सॉकेट असतं, पण आत अर्थची तारच नसते. वायरमनकडून मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजून घ्या. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. अर्थची पिन तोडून गुणगुण घालवणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. अॅल्युमिनियमच्या डब्यावर हात ठेवून शॉक खाणारे तुम्हीच असता.

पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरच्या पट्ट्यात हेडफोनच्या गाद्यांना बुरशी येते आणि पिना काळवंडतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पिशवी ठेवा, दाण्यांचा रंग बदलला की बदला.

दोन अ‍ॅम्प आणून तुलना करणार असाल तर आवाज आधी सारखा करा. १०० हर्ट्झचा टोन लावा, अ‍ॅम्पच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसीवर ठेवून दोन्हीचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवा. मोजताना मीटरची टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. हे केलं नाही तर जरा मोठा वाजणारा अ‍ॅम्प नेहमी "जास्त मोकळा" वाटतो. ऐकायला तानपुरा निवडा. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात कुणी घोडीवर तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवतो तेव्हा त्या एका तारेतून एकेक स्वर कसा उमलत वर जातो, ते जवळून ऐकलं असेल तर रेकॉर्डिंगमध्ये नेमकं काय शोधायचं हे कळतं: छेडल्यानंतरचा तो उमलणारा भाग आणि त्यामागची शांतता. कुठला अ‍ॅम्प चालू आहे हे दुसऱ्याला बदलायला सांगून दहा वेळा ओळखून पाहा. फरक सापडला नाही तर स्वस्तातला ठेवा आणि दुसरा, खोकं, आतला थर्माकोल आणि बिल यांच्यासकट, परत करण्याची मुदत संपायच्या आत कुरिअरला द्या.