क्लच घसरतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी निपल सैल करून बघा

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, आरपीएमचा काटा सटकन वर गेला आणि गाडी मात्र तिथेच रेंगाळली, तर क्लच घसरतोय. स्पोर्ट्स कारमध्ये टॉर्क जास्त, त्यामुळे हे लवकर जाणवतं.

पण हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने चालणाऱ्या क्लचमध्ये प्लेट चांगली असूनही असं होतं. ऑइलचा दाब लाइनमध्ये अडकून राहिला, की पेडल सोडलं तरी क्लच अर्धवट दाबलेलाच! म्हणून घसरू लागल्यावर गाडी सपाटीला उभी करा, इंजिन बंद, चाकाला दगड. पेडलला पाय न लावता स्लेव्ह सिलिंडरचं (गिअरबॉक्सकडचा, ऑइलच्या दाबाने क्लच दाबणारा सिलिंडर) निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, पान्याने किंचित सैल करा. चिळकांडी उडाली आणि निपल घट्ट करून चालवल्यावर घसरणं थांबलं, तर दोष हायड्रॉलिक्सचा. पेडलला थोडा फ्री प्ले (दाब येण्याआधीची मोकळी हालचाल) आहे का, पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचं ऑइल परतीचं छिद्र तुंबलंय का, होज (रबरी नळी) आतून फुगलाय का, हे तपासा. आपल्या दमट हवेत क्लच ऑइल ओलावा शोषतं, स्लेव्हचा पिस्टन गंजून अडकतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदललेलं बरं. (ते रंगावर सांडू देऊ नका, रंग उठतो.)

नुसतं थेंब थेंब आलं, तर दोष प्लेटचा, तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा किंवा सीलमधून प्लेटवर झिरपलेल्या ऑइलचा. मग गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. लाइनमध्ये हवा शिरल्याने मात्र क्लच घसरत नाही, उलट नीट सुटत नाही आणि गिअर अडतात. एअर काढून घसरण थांबवू म्हणणाऱ्या मेकॅनिकला पैसे देऊ नका.